आधी सुगिया म्हणा

परवा पुण्यात, मुलीच्या घराखालच्या दुकानात उपासाचं सामान घ्यायला गेले होते. दुकानदारानं वरईचं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर ठळक अक्षरात 'विमला' लिहिलेलं आणि खाली नांगर ओढणाऱ्या बैलजोडीचं चित्र. मी पाकीट हातात घेतलं आणि तोंडातून निघून गेलं, "ही सुगिया आहे."

"नाही आजी, ही विमला. सुगिया नावाचा माल आपल्याकडे येत नाही."

"येतो. तुम्हाला माहीत नाही."

मुलीनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं आणि घरी येईपर्यंत दुकानदाराशी वाद घालू नये यावर व्याख्यान दिलं. तिला काय सांगणार? बनारस सुटलं तरी बिफनीबाई माझ्या तोंडून आपलं काम करून घेतच होती.

बिफनीबाई आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत राहायला आली ती निवृत्तीनंतर. सोनभद्रच्या डोंगराळ जिल्ह्यात, दुद्धीच्या बाजूला, सरकारी नर्स म्हणून तिनं उमेदीची वर्षं घालवली होती. जातीनं गोंड, जन्म गुरुवारचा, तिकडे गुरुवारला बिफे म्हणतात, म्हणून नाव बिफनी. बुटकी, रुंद मनगटांची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. चालायची अशी, की कुठेतरी बाळंतीण अडली आहे आणि हिलाच बोलावलंय. मी तेव्हा मुलींच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आम्ही दोघी एकाच वयाच्या, घरं समोरासमोर, त्यामुळे अहोजाहो फार दिवस टिकलं नाही. ती मला 'मास्टरनी' म्हणायची.

गल्लीच्या वळणावरचा एक ओटा भाड्यानं घेऊन तिनं तिथे दुकान थाटलं. दुकान कसलं, चार पोती. सांवा, कोदो, नाचणी आणि तळ्यात आपोआप उगवणारा तिन्नीचा तांदूळ. आमची आळी मराठी, म्हणजे उपासांची आळी. चतुर्थी, एकादशी, प्रदोष, सोमवार, कोणाचं ना कोणाचं काहीतरी असतंच. सांव्यालाच आम्ही वरई म्हणतो आणि ती आम्हाला पोत्यानं लागते. मला वाटलं, बाई हुशार आहे, गिऱ्हाईक बघून बसली आहे. ती खरोखरच बघून बसली होती, पण गिऱ्हाईक नव्हे.

भांडणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, कारण भांडता भांडता तीच समोरच्याचा हात धरायची. खटका उडाला की पटकन मनगट पकडून नाडी बघायची आणि सांगायची, "लई जोरात चालली आहे. बस. पाणी पी. मग बोल." निम्मे लोक तिथेच गार व्हायचे. जे व्हायचे नाहीत त्यांचे हाल मी पाहिले आहेत. आमचा दूधवाला पाणी घालतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि सगळ्या गल्लीनं ते गिळलं होतं. बिफनीबाईनं त्याला एकदा सांगितलं, तो हसला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या कॅनशेजारी उभी राहू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला गोड आवाजात म्हणायची, "घ्या घ्या, पाणी चांगलं आहे, गंगेचं आहे." थंडी सरेपर्यंत तिनं हा नेम चुकवला नाही. शेवटी तो हात जोडून माफी मागायला आला. ती म्हणाली, "माफी माझ्याकडे नाही मिळत. दूध दे." त्यानं गल्लीच सोडली.

मी तिला म्हटलं, "अगं, हात जोडले होते बिचाऱ्यानं. सोडून द्यायचं."

"का? त्याला झोप लागावी म्हणून?"

मराठी ती माझ्याकडे शिकली. हिंदी सगळ्यांना येत होतं, तरी तिला मराठीच हवं होतं. रोज दुपारी पोती झाकून यायची, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि शब्द विचारायची. मला वाटायचं, काय ही आवड! एकदा तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आवड नाही, मास्टरनी. बाहेर तुम्ही लोग हिंदी बोलता, घरात मराठी. मला घरातली बात ऐकायची आहे."

घरातली बात कोणाची, ते हळूहळू उलगडलं.

बालाजी घाटाजवळ डॉक्टर मोघे राहायचे. औषधाचे डॉक्टर नव्हेत, शेतीचे. आयुष्य संशोधनात गेलेलं, आळीला त्यांचा अभिमान. त्यांनी सांव्याची एक नवी जात शोधली होती, लवकर पिकणारी, दुष्काळातही हाती लागणारी. त्याच सुमारास त्यांची बायको गेली. आमच्या विमलकाकू. माझ्या मुलीला पहिला फ्रॉक त्यांनी शिवला होता, आणि आळीत कोणाच्याही घरी कोणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्याकडून यायचा. मोघेकाकांनी त्या सांव्याला 'विमला' नाव दिलं. नावाच्या समारंभाला आम्ही सगळ्या नऊवारी नेसून गेलो होतो आणि रडून आलो होतो. तेव्हापासून आळीत वरई म्हणजे विमला. पाकीट आणताना वाटायचं, काकूंकडूनच डबा आला.

आणि या आळीत बिफनीबाईनं दुकान मांडून पहिल्याच दिवशी सांगितलं, "विमला माझ्याकडे नाही. सुगिया आहे. आधी सुगिया म्हणा, मग मिळेल."

तिचा सांवा निवडलेला, खडा शोधून सापडायचा नाही. पण नाव घेतल्याशिवाय ती माप उचलायचीच नाही. लोक चिडले. "वरई द्या" म्हटलं तर ऐकू न आल्यासारखी बसून राहायची. एक भटजी तर तासभर वाद घालून नुसतीच पिशवी घेऊन परत गेले. त्यांच्या घरी त्या दिवशी बटाट्यावर भागलं.

हे सुगिया प्रकरण काय, ते मी एका दुपारी विचारलं. ती कढी भुरकत होती. वाटी खाली ठेवून तिनं सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा चढवला नाही.

सुगिया तिची आई. त्यांचं शेत डोंगराच्या उतारावर, जिथे बैल उभा राहू शकत नाही. कुदळीनं खणायचं आणि पेरायचं. एका वर्षी पाऊस आलाच नाही. गावानं आधी धान्य खाल्लं, मग बी खाल्लं. सुगियानं सांव्याची कणसं चुलीवर धुरात टांगून ठेवली होती, त्यांना तिनं हात लावू दिला नाही. बिफनीचा धाकटा भाऊ त्या कणसांखाली भुकेनं रडून रडून निजायचा. मग त्याला ताप आला. तो गेला तेव्हाही कणसं वरच होती. पुढच्या वर्षी पाऊस आला आणि सगळ्या गावानं सुगियाचं बी पेरलं. त्यांच्याकडे बी जगवणाऱ्या बाईचं नाव त्या बियाला पडतं. म्हणून त्या सांव्याचं नाव सुगिया.

"पेरणीच्या आधी आमचा बैगा, गावचा पुजारी, घराघरातून मूठमूठ बी मागतो, मिसळतो आणि वाटतो. त्या दिवशी कोणी बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. दुश्मन असला तरी. बस, एक गोष्ट. पुढे कोणाला दिलं तर सांगायचं, हे कोणाचं आहे. तुमचा मोघे जीप घेऊन त्याच दिवशी आला. अम्मानं ओंजळभर दिलं. सांगितलं, नाव सांगत जा. त्यानं मान हलवली. मी तिथेच होती. मी पाहिलं, त्यानं मान हलवली."

"मग?"

"मग मी नोकरीत होती तेव्हा गावात सरकारी पाकीट वाटायला आलं. सुधारित बियाणं. अम्मानं एक दाणा दातांखाली धरला आणि म्हणाली, हे तर माझं आहे. मी तिला वाचून दाखवलं, विमला. तिनं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, डॉक्टरची बायको. तर म्हणते, ह्या बाईनं कोणाला उपाशी निजवलं होतं?"

विमलकाकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला बिफनीबाईचा रागही आला. मी म्हटलं, "काकू फार चांगल्या होत्या गं. त्यांना यातलं काही माहीत नसेल."

"चांगली होती म्हणून माझी आई चोरीला जावी?"

तिनं वाटीतली कढी संपवली आणि वाटी घासून ठेवली. नंतर कितीतरी दिवस मी विमलाचं पाकीट आणलं नाही, पण तोंडानं सुगियाही म्हटलं नाही. समोरच्या घरात राहून मी गुपचूप चौकातल्या दुकानातून बिननावाची सुटी भगर आणत होते, आणि ते तिला माहीत होतं.

मोघेकाका रोज सकाळी काठी टेकत ब्रह्मा घाटाकडे फिरायला जायचे. त्यांचा रस्ता तिच्या ओट्यासमोरूनच. ते दिसले की बिफनीबाई उठून उभी राहायची, नमस्कार करायची आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "डॉक्टरसाहेब, सुगिया कशी आहे?" ते खाली मान घालून जायचे. पावसात छत्री धरून उभी, तापात शाल गुंडाळून उभी. त्यांनी रस्ता बदलला तर ती पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली. आमच्या गल्ल्यांत बदलून बदलून किती रस्ते बदलणार?

पारडं फिरलं ते ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी. या दिवशी आमच्या बायका बैलाच्या श्रमाचं काही खात नाहीत. हातानं खणून लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. सगळ्या जणी कंदमुळं, अळू, माठ शोधत गल्लीत फिरत होत्या. गोदाकाकू, आळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आणि विमलकाकूंची सख्खी मावसबहीण, विमलाचं पाकीट घेऊन चालल्या होत्या.

बिफनीबाईनं ओट्यावरून हाक मारली. "काकू, उद्या बैलाच्या मेहनतीचं खायचं नाही ना?"

"नाही हो. वर्षाचं व्रत आहे."

"मग पाकिटावर हे कोण उभे आहेत?"

गोदाकाकूंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. एवढी वर्षं त्या पाकिटावर बैलजोडी होती, आणि एवढी वर्षं आम्ही ऋषिपंचमीला तीच वरई शिजवत होतो. छापणाऱ्याला शेती म्हटल्यावर बैल सुचले असतील. मोघेकाकांच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. बायका हसायला लागल्या.

"चित्र तर आहे नुसतं," कोणीतरी म्हणालं.

"हो. माझी आहे ना, तिच्या शेतात चित्रातला बैलसुद्धा घसरून पडेल. माझा भतीजा कुदळीनं लावतो. नवी आहे, परवा उतरली डोंगरावरून. नाव घ्या आणि घेऊन जा."

व्रताचा प्रश्न आला की आमच्या बायकांना दुसरं काही दिसत नाही. रांग लागली. सुगिया द्या, पावभर सुगिया, मला पण सुगिया. पोरीसोरी तर खेळ असल्यासारख्या ओरडत होत्या. मीही रांगेत होते. माझी पाळी आली तेव्हा बिफनीबाईनं माप हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुगिया." तिनं माप भरून माझ्या पिशवीत ओतलं.

गोदाकाकू तेवढ्या बाजूला उभ्या राहिल्या. गर्दी ओसरली तशा त्या पुढे आल्या. ओठ हलत होते, पण ते नाव बाहेर पडत नव्हतं. मी मध्ये पडले, "अगं, दे त्यांना. त्यांची बहीण होती ती." बिफनीबाई माप हातात घेऊन शांत बसली होती. शेवटी काकू म्हणाल्या, "दे बाई. सुगिया दे." आणि पदर डोळ्यांना लावला. बिफनीबाईनं त्यांना सगळ्यांइतकंच मोजून दिलं, एक दाणा जास्त नाही की कमी नाही. माझा जीव कळवळला, पण तिच्या चेहऱ्यावर कळवळ्याचं नाव नव्हतं. तिच्यासाठी तो एक डाव जिंकलेला होता.

त्यानंतर विमला आमच्या आळीतून उठलीच. दुकानदार तिच्याकडून माल नेऊ लागले आणि पोत्यांवर खडूनं 'सुगिया' लिहू लागले. दशाश्वमेधच्या बाजारातही कोणी तसं विचारलं, की बिफनीबाई मला येऊन सांगायची.

मग मोघेकाका स्वतः तिच्या ओट्यावर आले. मी माझ्या दारातून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, कान लावून ऐकत होते. ते म्हणाले, आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करतो, शाल देऊ, दोन शब्द तुमच्या आईबद्दल बोलेन.

"शाल नको. नाव बदला."

"ते नाही होणार. नोंद झालेली आहे. आणि ते माझ्या बायकोचं नाव आहे हो." त्यांनी ओट्याची कड धरली. "तिच्या नावाचं मागे दुसरं काहीच नाही."

"माझ्या आईचं पण नव्हतं."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "पितृपक्षात पंचगंगा घाटावर मी तुमच्या आईच्या नावानं तर्पण करतो. विधिपूर्वक."

यावर ती हसली. तिला हसताना मी फारशी पाहिली नव्हती आणि ते हसू पुन्हा पाहावंसं वाटलं नाही. "तुमचं पाणी तिला कशाला? ती तुमच्या घरची नाही. आणि तर्पणात नाव कोण ऐकणार? भटजी? तुम्ही सभेत मान खाली घालून बोला, हे बी मी मागून आणलं, सुगियानं दिलं, मी सांगितलं नाही. बस, एवढं."

त्यांना ते जमलं नाही. मोठा माणूस, सगळी मानमान्यता त्या एका सांव्यावर उभी. ते काठी टेकत निघून गेले. मी बिफनीबाईला म्हटलं, आता पुरे कर, म्हातारा खचलाय. तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि सोडून दिली.

"जंगलखात्यावाल्यांनी गावाची कुदळीची शेती बंद करायला लावली, एक माझा भतीजा तेवढा मानला नाही," ती म्हणाली. "मग पाकिटं आणली. आता आमची पोरं स्वतःच्या घरचं बी बाजारातून आणतात, आणि मालूम पण नाही की घरचंच आहे. बी बाजारातून आलं की काय खायचं ते दुसरा ठरवतो. तू मला पुरे कर सांगते?"

मग मी सांगायचं सोडलं.

मी पुण्याला निघायच्या आधीच्या आठवड्यात मोघेकाकांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आणलं, पण खाणं सुटलं. त्यांची सून रश्मी माझ्याकडे आली. बनारसमध्येच वाढलेली पोर, तिचं मराठी दोन वाक्यांनंतर हिंदीत शिरतं. "काकू, बाबा काहीच घेत नाहीयेत. डॉक्टरनी सांव्याची पातळ पेज द्यायला सांगितलीय. मी दोनदा बनवली, मुँह ही नहीं खोलते. बिफनीबाई नर्स होत्या ना? त्या येतील का? मला तर हिंमत नाही होत विचारायची."

मी ओट्यावर जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिनं मूठभर सांवा पुडीत बांधला आणि निघाली.

त्यांच्या घरी तिनं कोपरापर्यंत हात धुतले, पेज स्वतः शिजवली, कोमट केली. मोघेकाकांना पाठीला उशा लावून बसवलं, गळ्याखाली नॅपकिन खोचला. इतक्या हलक्या हातानं, की रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर भिंतीवर विमलकाकूंचा फोटो होता. बिफनीबाईनं चमचा भरला, त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब धरला आणि विचारलं, "कोणाची आहे?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होता. "विमल," ते म्हणाले.

तिनं चमचा परत वाटीत ठेवला. आणि थांबली. रश्मी पुढे झाली, तर बिफनीबाईनं तिच्याकडे न बघता हात आडवा केला. "उपाशी राहायची आदत मला आहे. त्यांना नाही," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "सुगिया."

तिनं चमचा तोंडात दिला. ते गिळेपर्यंत थांबली, ओठ पुसले, दुसरा भरला. "कुठून आणली?"

"मागून."

"कोणी दिली?"

"सुगियानं."

तिसरा चमचा भरून तिनं विचारलं, "तिच्या पोराचं नाव काय?"

त्यांना कसं माहीत असणार? त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. बिफनीबाई त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मंगरू. म्हणा."

"मंगरू," ते म्हणाले. जीभ अडखळली, तिनं पुन्हा म्हणायला लावलं. नाव स्वच्छ आल्यावरच चमचा दिला. अशी तिनं सगळी वाटी संपवली. मग त्यांचं तोंड पुसलं, नाडी पाहिली, पाठीवर फोड येऊ नये म्हणून कुशीवर वळवलं आणि रश्मीला दर दोन तासांनी वळवत जायला सांगितलं.

आम्ही दोघी बाहेर पडलो. गल्लीत ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, "झालं ना आता? म्हणाले ते. तुझं काम झालं."

"एकदा म्हणाला," ती म्हणाली. "अम्मा रोज म्हणायची, मंगरू, मंगरू. मरेपर्यंत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दोन टाइम येणार. मालिश करीन, पेज देईन, औषध देईन. याला मी इतक्यात मरू नाही देणार, मास्टरनी."

आणि ती पुढे निघाली, उद्याचा सांवा निवडायला.